जावईबापू निघाले एल्कच्या शिकारीला : थर्टी-ओ-सिक्स घ्यावी की क्रीडमूर?

नौपाडाकर
मंडळी, विषय इथल्या नेहमीच्या पठडीतला नाही, पण अडलोय. लेक-जावई डेन्व्हरला असतात. जावई मूळचा कळव्याचा, आजवर उंदराच्या सापळ्यापलीकडे मजल नाही. ऑफिसातल्या गोऱ्या मित्रांनी ऑक्टोबरात एल्कच्या (तिथलं थोराड हरीण) शिकारीला नेतो म्हटलं आणि स्वारी हुरळली. तिथला हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला, नारिंगी जाकीटही आलं. कोलोरॅडोत रायफलवाल्याच्या अंगावर निदान ५०० चौरस इंच भगभगीत नारिंगी किंवा गुलाबी रंग दिसावा लागतो म्हणे. आता रायफल घ्यायचीय, आणि ती कुठल्या काडतुसाची हा वाद. दुकानदार म्हणतो ६.५ क्रीडमूर. बरोबरचा म्हातारा सहकारी म्हणतो, .३०-०६ सोडून काही घेतलंस तर माझ्या गाडीत बसू नकोस.

मग परवा मला फोन. "बाबा, तुमचे आजोबा शिकारी होते ना? तुम्हीच सांगा."

आजोबा मुरबाडकडचे, बारा बोअरची दुनळी होती त्यांची. माझं ज्ञान काय, तर उडवलेल्या काडतुसाचं टरफल बोटात घालून घरभर फिरायचं आणि मधूनमधून आतला वास घ्यायचा. जळकट, थोडा फटाक्यांसारखा. आणि निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची, त्याची पावती आजी देव्हाऱ्याच्या खणात ठेवायची. एवढ्या भांडवलावर मी काय सल्ला देणार? जाणकारांनी मदत करावी. "शिकार करूच नये" हा सल्ला आमच्या हिने आधीच दिला आहे, तो सोडून.

खाडीपलीकडचा
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

पितळखाऊ
नौपाडाकर, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत २९ वर्षं काढली, आता ऐरोलीत नातवंडं सांभाळतो. शिकार कधी केली नाही, पण काडतूस काय चीज असते ते ओळखतो.

आधी एक दुरुस्ती. लोक ज्याला "गोळी" म्हणतात ते काडतूस. गोळी म्हणजे फक्त पुढचं टोक, जे उडून जातं ते. मागे पितळी कवच, त्यात दारू (ती नव्हे), बुडाला ठिणगी देणारा प्रायमर. .३०-०६ म्हणजे नळीचा बोअर इंचाच्या ३० शतांश आणि अमेरिकन सैन्याने ते स्वीकारलं ते साल १९०६. कवचाची लांबी ६३ मिमी. त्याचंच आखूड भावंड .३०८, १९५२ सालचं, कवच ५१ मिमी. बारा मिमीने आखूड असूनही वेगात फार मागे नाही, कारण मधल्या पन्नास वर्षांत दारू सुधारली. .३०-०६ च्याच कवचाची मान आवळून .२७० केलं, ते १९२५ साली. क्रीडमूर, ६.५ मिमी बोअरचं, अगदी अलीकडचं, २००७ चं.

कवचाबद्दल थोडं सांगतो, कारण त्याकडे कुणी बघतच नाही. पितळ ७०-३०, म्हणजे तांबं सत्तर, जस्त तीस. चकतीची वाटी करायची, वाटी खेचत खेचत नळी करायची, आणि दर खेचीनंतर भट्टीत घालून मऊ करायची, नाहीतर फाटते. शेवटी मानेला परत आच देतात. नव्या काडतुसाच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते ना, ती त्या आचेची. आमच्याकडे पाहुणे यायचे तेव्हा हमखास कोणीतरी विचारायचं, "हा माल डागाळलाय का?" बूड कडक हवं आणि मान मऊ हवी. बार उडाला की मान फुगून चेंबरला (नळीतली काडतूस बसायची जागा) चिकटते, वायू मागे येऊ देत नाही, आणि क्षणात परत आक्रसते म्हणून कवच बाहेर निघतं. पितळाइतकं हे काम बेताने करणारा धातू मी पाहिला नाही.

अवांतर: ब्रिटिशांच्या काळात आपल्याकडे पावसाळ्यात ठेवलेली काडतुसं आपोआप तडकायची. कोठारं तबेल्यांजवळ असायची. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, हवेतली ओल आणि पितळात राहिलेला ताण, या तिघांचं ते काम. नीट उलगडा व्हायला १९२१ साल उजाडलं. कामावर लागलो तेव्हा आम्हाला पहिल्या आठवड्यात हे शिकवलं होतं.

येऊरवेडा
माफ करा, पण इथे शिकारीचा धागा? १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून हौसेची शिकार हा प्रकारच आपल्याकडे उरला नाही. येऊरच्या जंगलाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी बिबट्याबरोबर जगायला शिकायचं आणि ठाण्यातल्या सासऱ्याने जावयाला काडतूस निवडून द्यायचं? वाचून मन खट्टू झालं.

नौपाडाकर
येऊरवेडा, राग समजू शकतो. पण शिकार तिथली, कायदा तिथला, लायसन्स तिथलं. मी फक्त एवढंच बघतोय की जनावर अर्धमेलं होऊन पळू नये.

येऊरवेडा
हा मुद्दा मात्र मान्य. मग नीटच निवडा. वाचतोय.

नेरुळची_मास्तरीण
फिजिक्स शिकवते, बंदुकीला हात लावलेला नाही. पण हा प्रश्न गणिताचा आहे, म्हणून रविवारची दुपार त्यात घातली. कंपन्यांचे छापील आकडे घेतले, गोळी ग्रेनमध्ये आणि वेग फूट-सेकंदात, ते मेट्रिकमध्ये आणले. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम.

.३०-०६ ची १८० ग्रेनची साधी सॉफ्ट पॉइंट (उघड्या शिशाच्या नाकाची) गोळी : ११.७ ग्रॅम, वेग सेकंदाला ८२३ मीटर, नळीच्या तोंडाशी ऊर्जा साधारण ३९५० ज्यूल. क्रीडमूरची १४३ ग्रेनची लांब निमुळती गोळी : ९.३ ग्रॅम, वेग तोच ८२३, ऊर्जा सुमारे ३१४० ज्यूल. पहिल्या नजरेत म्हातारबाबा जिंकले, सरळ ८०० ज्यूलने.

आता ३०० यार्डांवर जा, म्हणजे २७४ मीटर. तिथे दोघांची ऊर्जा जवळपास सारखी, सव्वादोन हजार ज्यूलच्या आसपास! हिशेब चुकला वाटून दोनदा तपासला. कारण हवा. ३०-०६ च्या त्या आखूड गोळीने वेग घालवला, लांब निमुळतीने टिकवला. एस.टी.चा चौकोनी तोंडवळा आणि लोकलच्या नव्या गाड्यांचं उतरतं नाक, तसंच काहीसं.

गोळी खाली किती येते हे सगळे विचारतात. नळीतून सुटल्याक्षणी ती पडायलाच लागते, हातातून सोडलेल्या लिंबासारखी. ३०० यार्डांना क्रीडमूरच्या गोळीला ०.३६ सेकंद लागतात, ३०-०६ च्या गोळीला ०.३८. अर्धा जी टी-वर्ग केलं की नळीच्या रेषेपासून ६४ सेंमी आणि ७१ सेंमी. फरक सात सेंटिमीटरचा! तासन् तास लोक यावर भांडतात.

आडवा वारा मात्र वेगळा. ताशी १६ किमीचा वारा धरला तर ३०-०६ ची गोळी २१ सेंमी ढळते, क्रीडमूरची १३. गुरुत्वाकर्षण रोज सारखं असतं, ते पाठ करता येतं. डोंगरातल्या घळीत वारा कुठून येईल ते कोण सांगणार?

आणि हे सगळं समुद्रसपाटीचं. एल्क नऊ-दहा हजार फुटांवर भेटतो, तिथली हवा आपल्या खाडीकाठच्या हवेच्या तीनचतुर्थांशच दाट. म्हणजे रोध कमी, ढळणंही कमी. जाता जाता : दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. जुलैत पाम बीच रोडने जाताना खरं वाटत नाही, पण आहे.

खाडीपलीकडचा
ताई, तुम्ही शिकवत असता तर मी कॉमर्सला गेलो नसतो.

मिनेसोटाचा_मोरू
इथे वीस वर्षं आहे, दर नोव्हेंबरात पांढऱ्या शेपटीच्या हरणांना जातो. मास्तरीणबाईंचं गणित चोख आहे, पण ज्यूलने जनावर मरत नाही. छातीत, पुढच्या पायाच्या मागे, दोन्ही फुप्फुसांतून गोळी आरपार गेली की मरतं. पोटात गेली तर .३७५ मॅग्नम मारा नाहीतर तोफ, तुम्ही रात्रभर टॉर्च घेऊन रक्त शोधत फिरणार. मी फिरलोय. पहिल्याच वर्षी, उणे दहा तापमानात, पहाटे साडेतीनपर्यंत. सापडलं, पण आजही तो विषय घरी निघाला की मी उठून चहा करायला जातो.

६.५ मिमीवर हसणाऱ्या म्हातारबाबांना सांगा की स्वीडन-नॉर्वेत ६.५×५५ ने, म्हणजे १८९० च्या दशकातल्या काडतुसाने, मूस (हेही हरणाच्याच जातीतलं) मारतात. मूस एल्कपेक्षा थोराड. लांब बारीक गोळी आत खोल जाते. "कारामोजो" बेल नावाच्या शिकाऱ्याने .२७५ रिग्बीने, म्हणजे ७×५७ मॉउझरने, आफ्रिकेत शेकड्यांनी हत्ती मारले. कॉर्बेटची चंपावतच्या वाघिणीनंतर भेट मिळालेली रायफल तीच, .२७५. (बेलचं अनुकरण करू नये, त्याला हत्तीच्या कवटीचा नकाशा पाठ होता.)

मात्र कोलोरॅडोचा नियम बघून घ्या. एल्कला निदान .२४ बोअर, ८५ ग्रेनची फुलणारी गोळी, आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा. तुमच्या यादीतली सगळी त्यात आरामात बसतात.

पितळखाऊ
मोरूशेठने "फुलणारी" म्हटलं, तिथे खरी गोम आहे. सगळे काडतुसाचं नाव घेऊन भांडतात, गोळीच्या पोटात काय आहे ते कुणी विचारत नाही.

सैन्याची गोळी पूर्ण तांब्याच्या सालीत, ती फुलत नाही, भोक पाडून निघून जाते. शिकारीला ती चालत नाही, अमेरिकेत कित्येक राज्यांत बंदीच आहे. शिकारीच्या गोळीचं नाक उघडं शिशाचं किंवा पोकळ असतं, आत गेली की अळंब्यासारखी फुलते. आणि असल्या गोळीचं गाजलेलं नाव आपल्याकडचं बरं का. १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारात .३०३ ची साल नाकावरून मागे घेतली. त्यावरून "दमदम बुलेट". १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात असल्या गोळ्या वापरायला मनाई झाली. म्हणजे माणसावर न फुलणारी आणि जनावरावर फुलणारीच, असा उलटा कायदा!

फुलण्यातही दोन दुखणी. जवळून, पूर्ण वेगात, खांद्याच्या हाडावर बसली तर पातळ सालीची गोळी फुटून चुरा होते, आत पोचतच नाही. लांबून, वेग उतरल्यावर बसली तर फुलतच नाही. जॉन नॉस्लर नावाच्या माणसाची १९४६ साली कॅनडात मूसवर अशीच फसगत झाली. त्याने गोळीच्या मधोमध सालीचाच पडदा ठेवला. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून ढकलत नेतो. १९४८ पासून ती गोळी विकली जातेय. कारखान्यात असा पडदा सरळ मध्यात आणणं म्हणजे काय, ते मला विचारा. केसभर कललं की गोळी हवेत डुलणार.

जावयाला सांगा, काडतुसावर एक मिनिट घालव आणि गोळीवर एक आठवडा.

येऊरवेडा
मघाशी चिडलो होतो, आता कामाचं बोलतो. शिसं नको. फुलताना शिशाचे कण मांसात नि आतड्यांत विखुरतात, शिकारी आतडी तिथेच टाकतो, ती गिधाडं नि गरुड खातात आणि विषबाधेने मरतात. कॅलिफोर्नियातला कॉन्डॉर (तिथलं गिधाड) याच कारणाने मरणाच्या दारात होता, म्हणून तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाचं काडतूस पूर्ण बंद. अखंड तांब्याच्या गोळ्या मिळतात. पाकळ्यांसारख्या फुलतात, वजन टिकवतात. आणि तेच मांस नातवंडांच्या ताटात जाणार असेल तर प्रश्न फक्त कॉन्डॉरचा नाही.

पितळखाऊ
येऊरवेडा बरोबर बोलतायत. फक्त तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला जास्त गिरकी लागते. नळीतले आटे (गोळीला गिरकी देणाऱ्या पिळदार खाचा) बघा. .३०-०६ ला बहुधा दहा इंचांत एक वेढा, क्रीडमूरला आठ इंचांत. तांब्यात जरा हलकी गोळी घ्यावी म्हणजे पीळ पुरतो.

नेरुळची_मास्तरीण
आठ इंचांत एक वेढा आणि वेग २७०० फूट... म्हणजे सेकंदाला ४०५० फेरे. मिनिटाला दोन लाख त्रेचाळीस हजार!! आमच्या मिक्सरचे वीस हजारही नसतील.

दहा_पूर्णांक_नऊ
ठाण्यात मुलांना १० मीटर एअर रायफल शिकवते. आमची गोळी ४.५ मिमी, अर्ध्या ग्रॅमची, ऊर्जा सात-आठ ज्यूल. त्यामुळे तुमच्या चार हजार ज्यूलपुढे मी बोलावं का, असा विचार करत तीन दिवस गप्प होते.

पण इतक्या प्रतिसादांत धक्क्याबद्दल कुणीच बोललेलं नाही. ३०-०६ चा धक्का क्रीडमूरच्या दीडपट तरी आहे. नवखा माणूस दहा बार काढतो, अकराव्याला मेंदू शहाणा होतो आणि घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा पुढे येतो. याला फ्लिंच म्हणतात. एकदा लागला की महिनोन् महिने जात नाही. माझ्याकडे एक मुलगा आला होता, गावी काकांनी हौसेने बारा बोअर उडवायला दिली होती. आमच्या एअर रायफलला धक्का नावालाच, तरी तो प्रत्येक शॉटला डोळे मिटायचा. पाच महिने लागले ते घालवायला. रिकाम्या रायफलवर रोज शंभर वेळा घोडा, समोर कोरी भिंत. लक्ष्यसुद्धा नाही.

जावयाला रेंजवर मित्राकडून मॅगझिन भरून घ्यायला सांगा, आणि मित्राने मधेच एखादं खोटं काडतूस घालावं. बार न होता नळीचं टोक खाली गचकलं की कळेल गोम कुठे आहे. घोडा ओढायचा नसतो, दाबत जायचा, आणि बार झाला की आपल्यालाच दचकायला हवं.

मास्तरीणबाईंचे सात सेंटिमीटर आणि तेरा-एकवीस सेंटिमीटर सगळे खरे. पण बाकावरून मुठीएवढ्या जागेत पाच गोळ्या बसवणारा माणूस डोंगर चढून, धापा टाकत, उभ्याने मारतो तेव्हा तीच मूठ परातीएवढी होते. आमच्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य घेतलं, ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये. त्यात गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने असं मारतात. कुठल्याही नेमबाजाला विचारा, उभ्याने सगळ्यात अवघड. माझं मत क्रीडमूर किंवा .३०८. आणि २०० यार्डांपलीकडे पहिल्या वर्षी नाही.

मिनेसोटाचा_मोरू
ताईंना +१. आणि .३०८ चा एक व्यवहारी फायदा, आडगावच्या हार्डवेअरच्या दुकानातसुद्धा काडतुसं मिळतात. ३०-०६ चंही तसंच.

खाडीपलीकडचा
बारा बोअर म्हणजे बारा काय, ते राहिलंच की. मिलिमीटर तर नक्की नाही.

पितळखाऊ
नळीत बरोब्बर बसेल अशी शिशाची गोल गोळी घ्या. अशा बारा गोळ्या मिळून एक पौंड भरला की ती बारा बोअर. म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा बारीक. व्यास मोजला तर साडेअठरा मिमी. आणि आपल्याकडे .३१५ ची रायफल का, तेही विचाराल म्हणून सांगून टाकतो. .३०३ सैन्याचं काडतूस, ते प्रजेच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी बंदी घातली. मग नागरिकांसाठी जुन्या ऑस्ट्रियन मानलिखर काडतुसावरून .३१५ आलं. ते गेले, काडतूस राहिलं.

नौपाडाकर
सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा जसाच्या तसा जावयाला पाठवला. त्याने क्रीडमूर घेतली, गोळी अखंड तांब्याची, आणि म्हाताऱ्या सहकाऱ्याला मास्तरीणबाईंचा हिशेब दाखवला. म्हातारबाबा म्हणाले, "गाडीत बस, पण मागे." खोट्या काडतुसाची युक्ती केली, पहिल्याच दिवशी नळी वीतभर खाली गेली म्हणे.

काल लेकीने फोटो पाठवलाय. रेंजवरून आलेल्या जावयाच्या उजव्या भुवईवर रक्ताची अर्धचंद्रकोर. रायफलीवरच्या दुर्बिणीची कड लागली. आमची ही म्हणते, शिकारीआधीच शिकार झाली. हे असं का होतं?

दहा_पूर्णांक_नऊ
डोळा दुर्बिणीच्या फार जवळ नेला आणि रायफल खांद्यात सैल धरली. दुर्बीण रिंगा सैल करून पुढे सरकवायला सांगा, डोळ्यापासून साडेतीन इंच तरी. झोपून मारताना डोकं आणखी पुढे जातं, म्हणून अंतर झोपूनच मोजायचं. टाके पडले का?

नौपाडाकर
नाही. हळद लावली म्हणे.